शपथ नको, फक्त आज

नागपुरात दारू सोडायची म्हटलं की आधी शपथ आठवते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, टेकडीच्या गणपतीपुढे, नाहीतर ताजबागेत चादर चढवून घेतलेली. घरचे चार जण साक्षीला. ही शपथ श्रावण कसाबसा काढते आणि पोळ्याच्या करीला, इकडे इडापिडा घालवणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघालेली असताना, तिकडे मोडते. मग शपथेचा विषय काढायचीही लाज वाटते, आणि त्या लाजेवर उतारा पुन्हा दारूचाच.

व्यसनमुक्तीचे स्वमदत गट नेमकी ही शपथच मागत नाहीत. आजच्या दिवसापुरतं नाही प्यायचं, बस. उद्याचं उद्या.

हे शहाणपण जिथून आलं त्या अमेरिकेतही आधी प्रतिज्ञाच होती. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून ती केली आणि त्यातून वॉशिंग्टनियन नावाची चळवळ झपाट्यानं पसरली. पुढे ती बाहेरच्या वादांत अडकली आणि काही वर्षांतच विरली.

मग आला मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन एका सौद्यासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. सौदा फसला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलातल्या बारचा गलका कानावर येत होता. लॉबीतली चर्चची यादी बघून तो फोन लावत सुटला: बोलायला एखादा दारुडा मिळेल का? मिळाले ते एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर तासन् तास बसले. गोम अशी की बिल त्यांना सुधारायला गेलाच नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. दारूनं शरीराचं काय होतं ते डॉक्टरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. उपदेशही भरपूर ऐकून झाला होता. समोर बसलेला माणूस स्वतः त्या खड्ड्यातून आलाय, एवढंच नवीन होतं. १० जून १९३५ ला बॉबनी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस ठरला.

एएच्या १९३९ च्या पुस्तकात दारूतून सावरण्याच्या बारा पायऱ्या छापून आल्या. पहिलीच पायरी म्हणते, दारूपुढे आपण हतबल आहोत. शपथ घेणारा स्वतःच्या निश्चयावर भिस्त ठेवतो. इथे सुरुवातच हार कबूल करून. पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात इतर नशांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस निघालं.

विदर्भात तोवर वेगळीच परंपरा रुजली होती. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून दारूवर आणायचे, तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव तेच सांगायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना दीक्षा दिली, त्या बावीस प्रतिज्ञांत 'मी दारू पिणार नाही' ही एक आहे. तिच्या जोरावर कित्येक घरांतून बाटली गेली, हे नाकारायचं कारण नाही. पण ही सगळी चारचौघांत, नावानिशी घेतलेली वचनं. मोडणाऱ्यानं मग कुठे जायचं, याची सोय त्यात नव्हती.

सरकारनं कायद्याचा रस्ता धरला. शेजारच्या वर्ध्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीनं दुकान बंद होतं, तलफ नाही.

एए १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालं, म्हणजे दीक्षेच्या पुढच्याच वर्षी. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तेव्हा गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, मुंबई-पुण्याची पोरं पोखरली होती. उपचार संपवून घरी परतलेल्याला टिकून राहायला सोबत लागते, आणि तिथे गटच कामी येतो.

एएच्या अशाच एका खुल्या, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येईल अशा मीटिंगला मी नागपुरात बसलो होतो. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. आडनाव कुणी विचारत नाही. नागपुरात आडनाव कळलं की जात, मोहल्ला आणि मामेभाऊ सगळंच कळतं, तेव्हा ही पद्धत इथे जास्तच सोयीची! एक भाऊ उठले. "पुन्हा घसरलो ना भाऊ, साळ्याच्या लग्नात. आज दुसरा दिवस." कुणी च्‌च्‌ केलं नाही. शेजारच्यानं चहाचा कप पुढे सरकवला. शेवटी पिशवी फिरली. खर्च सभासदांच्याच खिशातून, बाहेरची देणगी घ्यायची नाही असा जुना दंडक आहे.

बिल विल्सन १९७१ मध्ये गेला तेव्हा त्याला दारू सोडून छत्तीस वर्षं झाली होती. फुप्फुसं मात्र सिगारेटनं खाल्ली होती. मीटिंग सुटल्यावर फाटकाशी तिघं-चौघं थांबले होते. एकाच्या तळहातावर पन्नी, आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला होता.