चमचाभर हिरवी पावडर म्हणजे ताटभर भाजी?

नाशिकच्या गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणीतरी ठामपणे सांगतंच, "सकाळी एक चमचा वाळवलेल्या पालेभाज्यांची हिरवी पावडर घेतली की दिवसभर भाजी नाही खाल्ली तरी चालतं." नाही चालत.

साधा हिशेब करा. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम पालक पूर्ण वाळवला तर जेमतेम ८-९ ग्रॅम भुकटी उरते. चमचा १० ग्रॅमचा असला आणि त्यात निव्वळ पालक असला, तरी ती एका जुडीचीही बरोबरी नाही. शिवाय डब्यात गोडवा, स्वाद आणि पंधरा-वीस घटकांची सरमिसळ असते. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. चमच्यातून मिळणारा चोथाही फार तर एक-दोन ग्रॅम.

दुसरी थाप शाकाहारी घरांत जास्त खपते: अशा पावडरीत घालतात त्या स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून व्हिटॅमिन बी-१२ मिळतं. त्यात जे असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी रसायन. कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेली साधी गोळीच बरी.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल, तर न विचारता पावडर सुरू करू नका. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के त्या औषधाचा परिणाम कमी करतं.

पावडर विषारी नाही. प्रवासात, भाजी मिळत नसेल तेव्हा घ्या हवी तर. पण बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तिथे मेथी, शेपू, शेवग्याच्या शेंगा ढिगाने असतात. तिकडे पिशवी घेऊन जायला काय हरकत आहे?