चिलीतल्या सॅल्मनचा २०१६ मधला मृत्यू: पार्श्वभूमी

सॅल्मन मुळात चिलीचा मासाच नव्हे. बाहेरून आणलेल्या या माशाची मोठ्या प्रमाणावर शेती १९८०च्या दशकात सुरू झाली, ती दक्षिणेकडच्या लोस लागोस भागात, चिलोए बेटाच्या आसपासच्या खाड्यांमध्ये. पाहता पाहता चिली नॉर्वेखालोखाल जगातला सर्वांत मोठा उत्पादक बनला. धोक्याची सूचना मात्र तेव्हाच मिळाली होती: १९८८ मध्ये हेटेरोसिग्मा या सूक्ष्म शैवालाने तिथल्या पिंजऱ्यांतले मासे मारले होते.

एरवी या खाड्यांत नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं, जड पाणी खाली राहतं. २०१५-१६ मध्ये प्रबळ एल निनोच्या काळात पाऊस ओसरला आणि याच भागातल्या पुएलो नदीचा प्रवाह कमालीचा घटला. वरचा गोड्या पाण्याचा थर पातळ झाल्यावर खालचं पोषकद्रव्यांनी भरलेलं खारं पाणी वर आलं, त्यात आकाश निरभ्र आणि ऊन कडक. रेलोनकावीच्या उपसागरात स्यूडोचॅटोनेला हे शैवाल फोफावलं. ते माशाच्या कल्ल्यांना इजा करतं. कल्ले सुजले, त्यांवर चिकट स्राव साचला की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मोकळ्या समुद्रातला मासा निदान दूर पळू तरी शकतो. जाळ्यात कोंडलेला लाखोंचा थवा कुठे जाणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे ३९,००० टन सॅल्मन मेले. माझ्या मते एवढ्या मोठ्या हानीचा दोष एकट्या हवामानावर टाकता येणार नाही. एकेका खाडीत इतके मासे दाटीवाटीने ठेवायचे, हे माणसांनीच ठरवलं होतं.

कुजू लागलेल्या माशांचं करायचं काय? सरकारी परवानगीने त्यातले साडेचार हजार टनांहून अधिक मासे चिलोएपासून सव्वाशेहून जास्त किलोमीटरवर खोल समुद्रात टाकले गेले. पुढच्या काही आठवड्यांत अलेक्झांड्रियम कॅटेनेला या दुसऱ्याच शैवालाची विषारी लाट आली. त्याचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते खाणाऱ्या माणसाला लकवा होऊ शकतो. त्यामुळे मासेमारी व शिंपले वेचणं बंद झालं, किनाऱ्यावर मेलेल्या शिंपल्यांचे थर लागले. हातावर पोट असलेल्या कोळ्यांनी मे महिन्यात रस्ते अडवले, चाकाओ सामुद्रधुनीतली फेरी वाहतूक रोखली आणि बेटाचा मुख्य भूमीशी संपर्क तोडला. समुद्रात फेकलेल्या माशांमुळेच ही लाट बळावली, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी ते मान्य केलं नाही. नंतरच्या एका अभ्यासाने मात्र ती शक्यता पुन्हा पुढे आणली. कोळ्यांचा संशय मला रास्त वाटतो, कारण आपल्या दाराशी काय टाकलं जाणार, हे त्यांना आधी विचारलंच गेलं नव्हतं.

मे २०१९ मध्ये उत्तर नॉर्वेत क्रायसोक्रोम्युलिना शैवालाने सुमारे ८० लाख सॅल्मन मारले. २०२१ मध्ये चिलीच्या कोमाऊ फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, पुन्हा हजारो टन मासे मेले. या वेळी कारण ठरलं ते १९८८ मधलंच हेटेरोसिग्मा.