पाण्याला वास येतोय, म्हणजे औषध जास्त पडलं?

पावसाळ्याच्या सुरुवातीला कृष्णेला लाल पाणी आलं, की आमच्या गावातल्या डेअरीवर सकाळी एकच विषय निघतो. "आज पाणी लई वास मारतंय. टाकीत औषध ज्यादा वतलंय बघा." औषध म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. मग कुणीतरी जलसुरक्षकाला फोन लावून चार शब्द सुनावतो. तो बिचारा दुसऱ्या दिवशी पावडर कमी टाकतो, वास जातो आणि गाव खूश होतं.

मला मात्र वास गेला त्या दिवशीच धास्ती वाटते. का, ते सांगायला थोडं रसायनशास्त्र काढावं लागेल.

ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारणारा खरा गडी तो. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो जिवाणूच्या भिंतीतून सहज आत शिरतो. पाणी अल्कलीकडे झुकलं की याच आम्लाचा हायपोक्लोराइट आयन होतो. हा आयन ऋणभारित, जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे तो दारातच अडतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७ असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन आम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ झाला की जेमतेम पाव हिस्सा. पावडर तेवढीच, पण काम निम्म्याहूनही कमी.

हे झालं स्वच्छ पाण्याचं. आता नदीकडे या. सांगलीचं सांडपाणी वाहून नेणारा शेरीनाला कृष्णेला मिळतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. सांडपाण्यात माणसाजनावरांच्या लघवीतला युरिया असतो, उसाच्या रानातून वाहून आलेला खताचा युरियाही त्यात मिसळतो, आणि दोन्हींचा शेवटी अमोनिया होतो. कधी वरच्या अंगानं मळीमिश्रित पाणी आलं, तर त्यातले सेंद्रिय पदार्थही क्लोरीन खाऊन टाकतात. पण खरी गंमत अमोनियाची आहे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनला तीन हायड्रोजन चिकटलेले असतात. क्लोरीन त्यातला एक हायड्रोजन हाकलून स्वतः तिथे बसतो, की झालं मोनोक्लोरामाइन. याला वास फारसा येत नाही, पण जंतू मारायला हा फार मंद. पावडर वाढवत नेली की दुसराही हायड्रोजन जातो, डायक्लोरामाइन होतं. तिसरा गेला की ट्रायक्लोरामाइन. या दोघांना तो नाकात झोंबणारा, पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास असतो. आता आणखी पावडर टाका. वास वाढायला हवा ना? इथेच उलटं घडतं. ही क्लोरामाइनं मोडायला लागतात, त्यांच्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो आणि पाण्यातला एकूण क्लोरीन चक्क कमी होतो! आलेख काढला तर आधी चढ, मग घसरण, मग पुन्हा चढ. घसरण संपते त्या तळाला ब्रेकपॉइंट म्हणतात. त्याच्यापुढे टाकलेला क्लोरीन तेवढा मोकळा, म्हणजे अमोनियात न अडकलेला, राहतो.

हा बिंदू किती पावडरीला येतो, तेही कागदावर काढता येतं. अमोनियाच्या दोन रेणूंना क्लोरीनचे तीन रेणू लागतात. क्लोरीनच्या रेणूचं वजन ७१, तीन गुणिले ७१ म्हणजे २१३, भागिले दोन नायट्रोजनचे २८, म्हणजे साधारण ७.६. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, प्रत्यक्षात आणखी थोडा जास्तच. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा, नायट्रोजनच्या हिशोबात, लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. समजा गावाची टाकी ५० हजार लिटरची आणि पाण्यात अमोनिया अगदी मर्यादेइतकाच. नेहमीचा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे टाकीला १२५ ग्रॅम. पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरला तर ब्रेकपॉइंट गाठायला मात्र ७६० ग्रॅम लागतील. १२५ ग्रॅमवर सगळं मोनोक्लोरामाइन, वास नाही. ५०० ग्रॅमच्या पुढे गेलात की वास सुरू. ७६० च्या पलीकडे तो पुन्हा ओसरतो.

म्हणजे जलसुरक्षकाला शंका आली, त्यानं पावडर वाढवली, वास आला, गावानं बोंब मारली आणि त्यानं ती पुन्हा १२५ ग्रॅमवर आणली. घाटाच्या माथ्याजवळ पोचलेली गाडी लोकांनीच मागं ढकलली. वास आला म्हणजे पावडर कमीच पडली, असंही नाही. स्वच्छ पाण्यात खरंच जास्त पडली तरी वास येतो. नाकाला यातला फरक कळत नाही. नळीला कळतो.

नळी म्हणजे ओटी टेस्ट. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते बघायचं. मोकळा क्लोरीन असेल तर दहा सेकंदांच्या आत रंग येतो. क्लोरामाइनं आळशी, त्यांचा रंग पाच, दहा, पंधरा मिनिटांत हळूहळू चढतो. गेल्या पावसाळ्यात जलसुरक्षक आमच्या अंगणातल्या नळाचं पाणी तपासायला आला होता. थेंब टाकले, नळी कट्ट्यावर ठेवली, आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवेपर्यंत नळी छान लिंबाच्या रंगाची झाली होती. "ओटी पॉझिटिव्ह," म्हणून त्यानं वहीत लिहिलं. मी म्हटलं, पुन्हा कर आणि दहापर्यंत मोज. दहा झाले, पाणी पांढरं ते पांढरंच.

त्याची चूक नव्हती. दहा सेकंदांचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी किती सुरक्षित त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड द्यायचं, हे ठरवायला वर्षातून दोनदा पाहणी होते, तेव्हा एक दिवस या दहा सेकंदांनाही द्यायला हरकत नाही. हाच जलसुरक्षक पावडरीचं पोतं पंपाच्या खोलीत ओलीला, तोंड सुतळीनं बांधून ठेवतो. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो असा ठेवला तर उडून जातो आणि उरतो चुना.

आता शहरातला शहाणपणा. तिथं घरोघरी आरओ विकणारा पोरगा येतो, ग्लासातल्या नळाच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडतो, पाणी काळंतपकिरी होतं आणि वहिनींचा चेहरा पडतो. "बघा, हे तुम्ही पिताय!" अहो, तो गाळ पाण्यातला नाही, दांडीच्या लोखंडाचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा वीज सोडायला सांगा. टीडीएसचा आकडाही क्षारांचा असतो, जंतूंचा नाही. १५० टीडीएसच्या पाण्यातही कावीळ सुखानं पोहते. आणि कृष्णामाईचं पाणी कधी नासत नाही म्हणून घाटावर ओंजळभर तीर्थ पिणाऱ्यांनी आधी त्यात ओटीचे थेंब टाकायचीही गरज नाही. तिथं क्लोरीन कुठला असणार?

मग गावानं करायचं काय? टाकीत डोळे झाकून पाऊण किलो पावडर ओतायची नाही. अमोनिया किती आहे ते प्रयोगशाळेतून कळलं पाहिजे, मात्रा त्यावर ठरली पाहिजे. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही, आणि गावाच्या शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे. शंका असेल त्या दिवशी घरी पाणी खळखळून उकळावं. उकळायला अमोनिया आडवा येत नाही.

आमचा जलसुरक्षक हल्ली थेंब टाकले की मोठ्यानं मोजतो. परवा माझ्याच नळावर सात मोजेपर्यंत नळी पिवळी झाली. त्या दिवशी पाण्याला थोडा वास होता, आणि डेअरीवर पुन्हा तीच बोंब होती.