ऑगमेंटेड कॉर्ड

पाश्चात्त्य हार्मनीतील (अनेक स्वर एकाच वेळी वाजवण्याच्या पद्धतीतील) तीन स्वरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड. मेजर कॉर्डमधला (सा, शुद्ध ग, प) पाचवा स्वर अर्ध्या स्वराने चढवला की तो तयार होतो. सी, ई, जी शार्प हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पांढरी एक (सी) हा षड्ज धरणाऱ्या पेटीवादकाच्या हाताखाली तोच मेळ सा, शुद्ध ग, कोमल ध असा येतो.

या मेळात सप्तकाचे तीन सारखे भाग पडतात. त्यामुळे बारा स्वरांतून असे वेगळे मेळ चारच निघतात आणि त्यांतला कोणताही स्वर मूळ मानता येतो. षड्जचालन करून ग किंवा कोमल ध हा नवा सा मानला, तरी पुन्हा सा, ग, कोमल ध हेच हाती येते. ही समता मात्र समान अंतरांनी जुळवलेल्या पेटीपुरती खरी आहे. तिथे प्रत्येक अंतर ४०० सेंटचे (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असते, तर शुद्ध गांधाराचे षड्जापासूनचे अंतर सुमारे ३८६ सेंट भरते. अशी तीन शुद्ध अंतरे एकावर एक रचली, तर तार षड्ज सुमारे ४१ सेंटने हुकतो. ख्यालाच्या साथीसाठी शुद्ध गांधार आणि कोमल धैवत कानाने लावलेल्या पेटीवर ही सगळी तफावत ग आणि ध यांच्यामध्ये साठते, आणि मेळाचा तोल ढळतो.

उत्पत्तीविषयी दोन मते आढळतात. एका मताने हा हार्मोनिक मायनरच्या (कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नि घेणाऱ्या स्वरावलीच्या) तिसऱ्या पायरीवरचा स्वतंत्र मेळ होय. दुसऱ्या मताने पाचव्या स्वराकडून सहाव्याकडे जाताना वाटेत येणाऱ्या चालत्या स्वरातून तो सहज घडला. प्रत्यक्ष रचनांत तिसऱ्या पायरीवरचा हा मेळ पुष्कळदा डॉमिनंटचेच (पाचव्या पायरीवरच्या मेळाचेच) रूप म्हणून ऐकू येतो, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ऑगमेंटेड कॉर्डवरचा स्वतंत्र ग्रंथ कार्ल फ्रीडरिख वाइट्समान यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच दशकातील संगीतकार लिस्टच्या फाउस्ट सिंफनीचा आरंभ चार ऑगमेंटेड कॉर्ड ओळीने उलगडत बाराही स्वर घेतो.

उकल (अस्थिर मेळ स्थिर मेळावर सुटणे) : मेळातला एकच स्वर अर्ध्या स्वराने उतरवला तर मेजर, चढवला तर मायनर कॉर्ड (सा, कोमल ग, प या घडणीचा) मिळतो. तीन स्वरांमुळे अशा वाटा सहा. सा, ग, कोमल ध यांतला ध प वर आला की षड्जाचा मेजर. तोच शुद्ध ध झाला की धैवताचा मायनर. डॉमिनंटवर हा मेळ घेतला तर प, नि, कोमल ग असे स्वर येतात. त्यांतला प स्थिर राहतो, नि सा वर जातो आणि कोमल ग शुद्ध ग वर चढतो. चढवलेला स्वर चढतच सुटतो, हा येथील सर्वसाधारण नियम.

कोल्हापुरी कानाला हा नियम आधी उलटा वाटतो. उस्ताद अल्लादियाखाँ यांचे वास्तव्य, देवल क्लब या कोल्हापुरातील संगीतसंस्थेच्या मैफली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक यांनी घडवलेल्या येथील संगीतात प अचल आहे. चढलेला प असा स्वरच नाही, तो कोमल धच होतो. आणि भैरवातला आंदोलित कोमल ध पंचमाकडे उतरतो. म्हणून सा, ग, कोमल ध दाबताच प ची अपेक्षा जागी होते. ही वाट वर सांगितलेल्या सहांपैकीच आहे, चूक नव्हे. चढती वाट कानात बसण्यासाठी सा आणि ग धरून ठेवावेत व वर प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नि असे क्रमाने वाजवावे. लोकप्रिय गाण्यांची साथ करणाऱ्यांना ही ओळ परिचित असते.

ऑगमेंटेड सिक्स्थ हा नावाने जवळचा, पण वेगळा मेळांचा गट आहे. त्यात कोमल ध खाली आणि तीव्र म वर असतो व दोघेही पंचमावर येतात. पूरिया धनाश्रीत हेच दोन स्वर पंचमाच्या दोन्ही बाजूंना आहेत.