कोवळ्या वयात दिवस का जातात?

किशोरवयीन मुलीला दिवस गेले की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो: 'हिला एवढंही कळलं नाही?' तो कोण, त्याचं वय काय, ही चौकशी मागाहून होते, तीही झाली तर.

पण कळायला हवं होतं ते नेमकं काय? स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणून पहिली पाळी यायच्या आधीही, क्वचित का होईना, गर्भ राहू शकतो. सुरुवातीची काही वर्षं चक्र बेभरवशाचं असतं, कधी तीन आठवड्यांनी, कधी दीड महिन्यानं. 'सुरक्षित दिवस' मोजणाऱ्यांची फसगत होते ती इथे. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. सोमवारच्या संबंधातून शुक्रवारी गर्भधारणा होऊ शकते, हे मोठ्यांपैकी तरी किती जणांना ठाऊक असतं? 'पहिल्या वेळी काही होत नाही' ही तर निव्वळ थाप.

त्यात वयात येण्याचं वयच खाली आलं आहे. 19व्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या मुलींना पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येई. आता ती तेराव्याच्या आसपास येते. पोषण सुधारलं हे त्याचं मोठं कारण. उलट, परिणामांचा अंदाज घेणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

हे मेंदूचं कारण सांगायला सोपं आहे, आणि म्हणूनच मला ते अपुरं वाटतं. अमेरिकेत 1957 साली 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे 96 बाळंतपणं होत. 2022 साली ती 14च्याही आत आली. एवढ्या काळात मेंदू काही बदललेला नाही. त्या काळच्या बहुतेक किशोरवयीन आया लग्न झालेल्या होत्या. पुढे लग्नं लांबली, गर्भनिरोधकं हाताशी आली, आणि आकडा घसरला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत या वयोगटात वर्षाला सुमारे 2.1 कोटी गर्भधारणा होतात. त्यातल्या जवळपास निम्म्या नको असलेल्या. उरलेल्या 'हव्या असलेल्या' म्हणायच्या, पण कुणाला? बालविवाह झालेल्या मुलीवर लवकर मूल व्हावं म्हणून घरचा दबाव असतो, नवरा बहुधा वयानं बराच मोठा. गोळ्या, निरोध यांची माहिती असून भागत नाही, 'आत्ता नको' म्हणायची सोय लागते. जबरदस्तीच्या संबंधांत तर तेवढाही प्रश्न उरत नाही. लग्न न झालेली मुलगी दवाखान्यात गेलीच, तर आधी तिच्या चारित्र्याची उलटतपासणी होण्याची धास्ती.

लैंगिक शिक्षणानं मुलं बिघडतात, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. नीट माहिती मिळालेली मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं दिसत नाही. नुसता संयमाचा उपदेश केल्यानं ती थांबतात असंही नाही.

राहिली शाळा. गरोदरपणामुळे शिक्षण सुटतं, हे आपण नेहमी ऐकतो. कित्येकींच्या बाबतीत क्रम उलटा असतो: शाळा आधीच सुटलेली असते, घरात तिच्या लग्नाखेरीज दुसरा विषय नसतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो.