हिप इम्पिंजमेंट

हिप इम्पिंजमेंट म्हणजे खुब्याच्या सांध्यात हाडाला हाड अडणं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो, गोळ्याच्या मानेपाशी हाड जादा वाढलेलं असलं तर त्याला कॅम म्हणतात, वाटीची कड जास्त बाहेर आली असली तर पिन्सर, आणि बऱ्याच जणांत दोन्ही थोडं थोडं असतंच. पाय खोल वाकवून आत वळवला की दार चौकटीला घासावं तसं होतं, मधली लॅब्रम नावाची कूर्चेची कड चिमटते आणि जांघेत कळ येते. कॅमचा उंचवटा बहुतेक वेळा वाढीच्या वयात, जास्त खेळणाऱ्या पोरांमध्ये तयार होतो.

सोलापुरात पार्क स्टेडियमवर पळणारे, जिममध्ये डीप स्क्वॉट मारणारे, तालमीत बैठका काढणारे, यांचं जांघेत दुखलं की पहिलं निदान ठरलेलं, शिरेवर शीर चढली, मग तेल लावून चोळणं! त्यात महिने जातात. उकिडवं बसताना, बूट घालताना, गाडीत लांब बसून उठताना दुखत असेल तर खुबा तपासून घ्यावा. रात्री झोपेतही ठणकत असेल, ताप असेल किंवा लंगडायला होत असेल तर अजिबात थांबू नये, आणि आधी भरपूर स्टेरॉइड घेतलेलं असेल तर एव्हीएन, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, हे आधी बघावं लागतं.

एक्स-रेमध्ये कॅम दिसला म्हणजे आजार झाला असं नाही, काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत तो दिसतो. 2016 च्या वॉरिक करारात तज्ज्ञांनी हेच ठरवलं की त्रास, तपासणीतली लक्षणं आणि फोटो तिन्ही जुळले तरच निदान करायचं. नुसता रिपोर्ट बघून ऑपरेशनची तारीख घेणं म्हणजे घाईच की.

सुरुवात फिजिओथेरपीनं, साधारण 3 महिने तरी, त्यात कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू मजबूत करायचे. व्यायाम बंद करायची गरज नसते, बैठक दुखायच्या आधी थांबवायची, पाय थोडे फाकवून बाहेर वळवायचे, आणि जांघ ताणून ताणून मोकळी होईल या आशेवर जोर लावायचा नाही, हाड ताणून मोकळं होत नाही. गोळ्या किंवा सांध्यातलं इंजेक्शन दुखणं तात्पुरतं कमी करतं. तरी फरक नसेल तर दुर्बिणीनं जादा हाड घासून लॅब्रम शिवतात. 2018 मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानं सर्जरीवाले फिजिओवाल्यांपेक्षा थोडे पुढं होते, पण सुधारले दोघंही. सांधा आधीच बराच झिजला असेल तर मात्र दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही.