अँटिबायोटिकमधून वाचलेला प्रत्येक जिवाणू प्रतिरोधक नसतो

‘औषधातून जे जिवाणू वाचले, ते सगळे प्रतिरोधक झाले’ हे विधान वर्षानुवर्षे फिरते आहे. तर्क साहजिक आहे, पण अपुरा. प्रतिरोधक म्हणजे जनुकातील बदलामुळे औषध असतानाही वाढू शकणारा जिवाणू.

काही पेशी जनुकात बदल न होताच वाचतात, कारण त्या वाढ थांबवून सुप्त असतात. अँपिसिलिन हे अँटिबायोटिक स्वतःची पेशीभिंत बांधत असलेल्या पेशीलाच मारते. बांधकामच बंद, तर मारणार काय? ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये हिपए हे विष आणि हिपबी हे प्रतिविष अशी जोडी असते. हिपबी कमी पडले की मोकळे हिपए प्रथिननिर्मिती रोखते आणि पेशी सुप्त होते. (प्रत्येक सुप्त पेशीमागे अशी जोडीच असते, असे मात्र नाही.)

पडताळणी सोपी आहे. वाढत्या कल्चरला (पोषक माध्यमात वाढवलेल्या जिवाणूंना) औषधाची मारक मात्रा द्या, दर तासाला नमुना घेऊन जिवंत पेशी मोजा. मोजणीसाठी पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवून) औषध धुवा. ते उरले तर वाचलेल्या पेशीही उगवत नाहीत आणि आकडा फसवा येतो. आलेख आधी वेगाने घसरून मग जवळपास सपाट होतो. आता वाचलेल्या पेशी औषधाविना रात्रभर वाढवा, ताज्या माध्यमात पातळ करून पुन्हा वाढीला लावा आणि तीच मात्रा द्या. पुन्हा बहुतेक मेल्या आणि वाढ रोखणारी किमान मात्रा पूर्वीइतकीच निघाली, तर त्या सुप्त होत्या. ही किमान मात्रा वाढली असेल, तर तो प्रतिरोध.